आवरलेले हात

धुरपताबाई रहांगडालेचे हात कामाला भारी चपळ होते. गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनीजवळ, हायवे सोडून सात किलोमीटर आत पिपरटोला नावाचं गाव आहे. तिथं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वीस बायांची रांग बांधीत, धानाच्या शेतात उतरली की सगळ्यांत पुढे ओळ असायची ती धुरपताबाईची. डाव्या हातात धानाच्या रोपांची जुडी, उजव्या हाताची बोटं चिखलात जात-येत. बघणाऱ्याला रोप कधी सुटलं आणि कधी रोवलं गेलं ते कळायचंही नाही.

गावात नवी सून आली आणि तिला रोवणी येत नसली, की तिला धुरपताबाईच्या शेजारी उभं करायचे. धुरपताबाई शिकवायची म्हणजे बोलायची नाही. दोन-चार रोपं मुद्दाम हळू लावून दाखवायची आणि पुढे सरकायची. नव्या पोरीची ओळ वाकडी जायची, रोपं तरंगून वर यायची. धुरपताबाई तिच्यासमोर त्या ओळीला हात लावत नसे. "तिच्या डोळ्यादेखत तिचं रोप उपटून दुसऱ्यांदा लावलं, का ते पोरगी उद्या येत नाई," असं ती म्हणायची. खरंच, तिच्या हाताखाली शिकलेली बाई रोवणी सोडून गेली असं कधी झालं नाही.

पण अशा हातांच्या बाईला रिकामं बसणं जमत नाही, आणि दुसऱ्याचं हळूहळू चाललेलं काम बघत बसणं तर त्याहून जमत नाही. बांधीत जमायचं, कारण बांधी मोठी होती आणि प्रत्येकीची ओळ वेगळी होती. घरात मात्र एकच मुलगा होता.

इंद्रकुमार झाला तो लग्नानंतर नऊ वर्षांनी, आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत त्यानंतर. त्याला धुरपताबाईनं जमिनीवर पाय ठेवू दिला नाही म्हटलं तरी चालेल. तीन वर्षांचा असताना त्यानं एकदा स्वतः चड्डी घालायचा हट्ट धरला होता. एका पायात दोन्ही पाय अडकवून तो छपरीत, ओसरीच्या जमिनीवर आपटला. तिनं त्याला उचललं, चड्डी घालून दिली आणि म्हणाली, "थांब न बापा, मी हाय न." पुढे तो थांबायला शिकला. आठव्या वर्षापर्यंत ती त्याला घास भरवायची. दहावीत असतानाही त्याच्या बुटाची नाडी तीच बांधायची, आणि तोवर तो पाय पुढे करून पुस्तक वाचायचा. नंदलाल, म्हणजे तिचा नवरा, कौतुकानं बघायचा.

अकरावीला त्याला गोंदियाला होस्टेलवर ठेवलं. अकराव्या दिवशी तो परत आला. पिशवीत सगळे कपडे मळलेले, तोंड उतरलेलं. घरच्यांनी समजूत काढली, गाव म्हणालं पोराला घरची आठवण आली. धुरपताबाईनं वरून त्याला रागावल्यासारखं केलं, पण मनातून ती सुखावली होती. पोराला आपल्याशिवाय करमत नाही, याचं तिला भूषण वाटलं. हे तिनं पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

इंद्रकुमार शेतीत रमला. तो आळशी नव्हता. ट्रॅक्टर उत्तम चालवायचा, दुसऱ्यांची शेतं नांगरून द्यायचा, बोलायला गोड होता. आमगावच्या मंजूशी त्याचं लग्न झालं. मंजू औषधशास्त्राचा डिप्लोमा केलेली, शांत आणि नेमकं बोलणारी मुलगी. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं की आपला नवरा पाण्याचा गिलाससुद्धा हातानं घेत नाही. तिनं ते मनात ठेवलं. वर्षभरात आचल झाली.

आचल दोन वर्षांची असताना मंजू दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली, आचलला सोबत घेऊन. नंदलाल बालाघाटला बहिणीच्या घरी लग्नाला गेला होता. नेमकी तेव्हाच धुरपताबाई तापानं पडली. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. तोंडाला चव नव्हती, पोटात काही नव्हतं. ती म्हणाली, "इंद्रा, थोडी पेज करून दे बापा."

इंद्रकुमार स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळानं दारात येऊन उभा राहिला.

"माय, तांदूळ कुठी रायते?"

त्या घरात धानाची पोती छतापर्यंत लागलेली होती. आठ एकर धान तो स्वतः पिकवत होता.

"कोठीच्या बाजूले. निळ्या डब्यात."

"किती घेऊ?"

"मूठभर."

"आन पाणी?"

धुरपताबाईनं डोळे मिटून घेतले. पुष्कळ वेळानं करपल्याचा वास आला. मग भांडं आपटल्याचा आवाज, मग मोटारसायकल सुरू झाल्याचा. अर्ध्या तासानं इंद्रकुमार हायवेवरच्या ढाब्यावरून तंदुरी रोटी आणि पनीर मसाला बांधून घेऊन आला. तापानं फणफणलेल्या आईपुढे त्यानं ते ताट ठेवलं आणि खाटेच्या काठावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मले येत नाई माय. म्या करून पायलं."

त्या आवाजात आळस नव्हता, शरम होती. धुरपताबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. एकोणतीस वर्षांचा, सहा फूट उंच, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून जोडणारा माणूस. मूठभर तांदूळ शिजवता आला नाही म्हणून रडवेला झालेला. या पोराला काही येत नाही असं नाही, तिला वाटलं. याच्या हातातलं काम मी काढून घेतलं. दर वेळी, तो हात पुढे करायच्या आधीच.

त्या आजारात तिला औषधानं बरं वाटलं, पण ही गोष्ट आत रुतून बसली ती बसलीच.

मंजू तीन महिन्यांनी परत आली. कडेवर टिकेश, ज्याला घरात सगळे टिंकू म्हणू लागले, आणि पदराला धरून आचल. दुसऱ्या दिवशी सकाळी आचल छपरीत बसून चप्पल घालत होती. उजवी चप्पल डाव्या पायात, अंगठा पट्ट्याच्या बाहेर. धुरपताबाई शेजारीच खाटेवर होती. तिचा हात आपोआप पुढे गेला. अर्ध्यावर तिनं तो थांबवला. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली, कारण नुसते मांडीवर ठेवले असते तर ते थांबले नसते.

आचलला पाच-सहा मिनिटं लागली. तेवढ्यात धुरपताबाईला घाम फुटला. शेवटी पोरीनं दोन्ही चपला उलट्या घातल्या, उठली आणि एखादं राज्य जिंकल्यासारखी अंगणभर फिरून आली.

"उलट्या हायेत न तिच्या चपला," मंजू आतून म्हणाली.

"राहू दे. पडली नाई न," धुरपताबाई म्हणाली.

संध्याकाळी तिनं मंजूची नखांना लावायची लाल पॉलिश मागून घेतली आणि दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला एकेक ठिपका काढला. आचलला एकही शब्द न बोलता तिनं चपला जमिनीवर अशा ठेवल्या की दोन ठिपके एकमेकांजवळ आले. मग दूर केल्या, मग पुन्हा जवळ आणल्या. बांधीत नव्या सुनेला दाखवायची तसंच. हात चालत असला की तोंड बंद ठेवायचं, हे तिला ठाऊक होतं. बोललं की पोर तोंडाकडे बघतं आणि हातांकडे बघायचं राहून जातं. तिसऱ्या दिवसापासून आचलच्या चपला सरळ झाल्या.

मग धुरपताबाई घराकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली. एक दिवस ती चक्क गुडघ्यांवर बसून घरभर फिरली. नंदलाल शेतातून आला तर बायको रांगताना दिसली. तो घाबरलाच.

"काऊन वं, काय हरपलं?"

"आचल जेवढी उंच हाय, तेवढ्यावरून घर पाहून राहिलो. तिच्या हाताले काहीच लागत नाई जी. कपडे वर, पाणी वर, टॉवेल वर. मंग ते मागणार नाई त काय करणार?"

नंदलालनं कपाळाला हात लावला. पण कुरकुरत का होईना, त्यानं भिंतीत खाली दोन खुंट्या ठोकून दिल्या. आलमारीचा खालचा कप्पा पोरीच्या कपड्यांना मोकळा झाला. पाण्याच्या माठाला तोटी होतीच, तो माठ मोठ्या ओट्यावरून उतरून पाटावर आला. शेजारी तांब्यासारखा एक लहान गडवा, दोन छोटे गिलास, आणि खिळ्याला अडकवलेला एक फडका.

तो फडका सगळ्यांत जास्त कामाचा ठरला. तीन वर्षांची आचल गडव्यातून स्वतःच्या गिलासात दूध ओतायला लागली, तेव्हा पहिले आठ दिवस निम्मं दूध खाली जायचं. नंदलाल ओरडला, "घरी काय आठ म्हशी हायेत का? सांडवून राहिली न पोट्टी!" आचल दचकली, उरलेलंही सांडलं. धुरपताबाई नवऱ्याला काही बोलली नाही. नातीला म्हणाली, "फडका तिथी हाय." आचल फडका घेऊन आली आणि पुसायला लागली. पुसलं काय, तिनं दूध जास्तच पसरवलं. पण पुसलं. त्यानंतर गडव्यात धुरपताबाई दूधच कमी ओतू लागली, जेवढं सांडलं तरी चालेल तेवढंच. पंधरा दिवसांत थेंब सांडेना झाला.

चूकही झाली. आचलनं घडी घातलेला फ्रॉक वेडावाकडा असायचा, भजी गुंडाळलेल्या कागदासारखा. मंजूला ते बघवायचं नाही. ती येता-जाता कप्पा उघडून घड्या नीट करायची. एकदा आचलनं ते पाहिलं. त्यानंतर दोन दिवस तिनं कपड्यांना हातच लावला नाही. धुरपताबाईनं सुनेला हाक मारली.

"मंजू, तू रोवणीले कधी उतरली नाई. तुले एक गोष्ट सांगतो." आणि तिनं रोप उपटण्याची गोष्ट सांगितली. मंजू ऐकत राहिली. सासूला ती मामीजी म्हणायची.

"मामीजी, मग वाकडंच राहू द्यायचं?"

"वाकडं राहू दे. फ्रॉक तिचा हाय. तिची नजर जशी बसत जाईन, तशी घडी बसत जाईन."

शेजारची सावित्रीबाई मात्र गावभर सांगत सुटली की धुरपता नातीकडून घरकाम करून घेते. बोडीवर, घरामागच्या तळ्यावर कपडे धुताना तिनं तोंडावर विचारलं, "एवढुशा पोरीले कायले राबवते वं?"

"माह्यं काम नाई करत ते," धुरपताबाई लुगडं पिळत म्हणाली. "माह्यं काम मी करतो. ते तिचं काम करते. तिचं म्या करून देल्लं त ते करंल काय?"

सावित्रीबाईला पटलं नाही. धुरपताबाईनंही पटवायचा प्रयत्न केला नाही.

टिंकू तीन वर्षांचा झाला तेव्हा मंजूला सडक अर्जुनीत एका औषधाच्या दुकानात काम मिळालं. नऊला दुकान उघडायचं, म्हणजे साडेआठला स्कुटीवर निघायचं. सकाळी घाई व्हायला लागली. टिंकू शर्टाचं बटन लावत बसला की मंजूचा जीव वरखाली व्हायचा. "दे इकडे, मी लावते," असं तिच्या तोंडून निघायचं आणि टिंकू भोकाड पसरायचा. धुरपताबाईनं तिला दोष दिला नाही. घड्याळ मंजूच्या पाठीमागे लागलं होतं, पोराच्या नाही, एवढं तिला दिसत होतं. तिनं फक्त पोरांना अर्धा तास आधी उठवायला सुरुवात केली. त्या अर्ध्या तासात टिंकूला पाच बटनं लावायला पुरेसा वेळ मिळायचा. तो बटन भोकात घालताना जीभ बाहेर काढायचा. शेवटचं लागलं की "झालं!" असं इतक्या जोरात ओरडायचा की गोठ्यातली म्हैस मान वळवायची.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि कापणीच्या दिवसांत ते घडलं.

मागच्या अंगणाच्या फाटकाची कडी नंदलालनं खाली बसवून दिली होती. पोरांना मागच्या संडासाकडे आपलं आपण जाता यावं म्हणून. फाटकाच्या पलीकडे पायवाट, पायवाटेच्या बाजूला बोडी, आणि पुढे रहांगडाल्यांची बांधी. दुपारी धुरपताबाई समोरच्या अंगणात सुपानं धान पाखडत होती. आचल शाळेत गेली होती. टिंकू छपरीत खेळत होता. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की छपरीतून काहीच आवाज येत नाही.

तिनं घर बघितलं, गोठा बघितला. मागचं फाटक उघडं होतं. सूप तिच्या हातातच होतं, ते घेऊनच ती बोडीकडे धावली. पाणी शांत होतं. काठावर ओल्या मातीत लहान पावलं उमटलेली होती, पाण्यापर्यंत गेलेली. 

तेवढ्यात बांधीच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून नंदलाल येताना दिसला. कडेवर टिंकू. गुडघ्यापर्यंत ओला, हातात पाण्याची बाटली.

टिंकू आबाजीला, आपल्या आजोबाला पाणी द्यायला निघाला होता. वाटेत पडला, बाटली सांडली. सांडलं तर पुन्हा भरायचं, हे त्याला घरात शिकवलेलं होतं. म्हणून त्यानं बोडीत उतरून ती भरली आणि पुढे निघाला. नंदलालनं त्याला धुऱ्यावर पाहिलं तेव्हा तो दोन्ही हातांनी बाटली छातीशी धरून, पाय नीट जपून टाकत चालत होता.

"आबाजी, मी आणलं," तो अजूनही म्हणत होता. त्याला कोणी शाबास म्हणत नव्हतं, याचं त्याला नवल वाटत होतं.

संध्याकाळी मंजू घरी यायच्या आधीच सावित्रीबाईनं तिला रस्त्यात गाठलं. मंजू आत आली ती टिंकूला छातीशी घट्ट धरूनच बसली. मग बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"मामीजी, सगळं आपल्या हातानं करायचं शिकवलं तुम्ही. जायच्या आधी सांगायचं असतं, हे शिकवलं का?"

"नाई," धुरपताबाई म्हणाली. "ते राहलं. माह्याच चुकीनं झालं."

इंद्रकुमार मध्ये बोलायला गेला, तिनं त्याला हातानं थांबवलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. सकाळी नंदलालनं फाटकाची कडी वर नेऊन ठोकली. ती बघत राहिली.

आणि मग तिचा धीर सुटला. पुढचे पंधरा दिवस तिनं पोरांचं सगळं स्वतःच केलं. बटनं लावली, चपला घातल्या, घास भरवले. टिंकू आधी रडला. लाथा झाडल्या. चप्पल काढून फेकली. ती उचलून आणायची आणि पुन्हा घालून द्यायची. तिला रात्रंदिवस ती ओल्या मातीतली पावलं दिसत होती.

सोळाव्या दिवशी सकाळी मंजू निघायच्या तयारीत छपरीत उभी होती. टिंकू पायरीवर बसून कोंबडीची पिल्लं बघत होता. धुरपताबाई चप्पल घेऊन आली. टिंकूनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पिल्लांवरची नजर न हलवता त्यानं एक पाय पुढे केला.

धुरपताबाई चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. तो पुढे केलेला पाय तिनं यापूर्वी पाहिलेला होता. सोळा वर्षांच्या मुलाचा.

मंजूनंही ते पाहिलं. ती पायरी उतरून खाली आली. सासूच्या हातातली चप्पल तिनं घेतली आणि टिंकूच्या शेजारी जमिनीवर ठेवली.

"त्याला घालू द्या मामीजी," ती म्हणाली. "मला उशीर झाला तरी चालेल."

त्या दिवशी ती दुकानात वीस मिनिटं उशिरा पोचली.

रविवारी दोघी बसल्या आणि त्यांनी ठरवलं. फाटकाची कडी वरच राहील. फाटकाच्या आत पोरांचं राज्य, बाहेर जायचं ते सांगून आणि मोठ्याचा हात धरून. धुरपताबाईनं दोन्ही पोरांना बोडीवर नेलं. सोबत बांबूची लांब काठी घेतली होती. काठावरून तिनं ती पाण्यात सोडली. काठी जात जात पूर्ण आत गेली. टिंकूनं तिच्या लुगड्याला धरलं.

"टिंकू केवढा हाय?" तिनं विचारलं.

टिंकूनं आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं. मग पाण्याकडे बघितलं. मग पुन्हा आपल्या डोक्यावर हात ठेवला. त्याला जे समजायचं ते समजलं. आठवडाभर ती त्यांना रोज तिथं नेत होती, कारण एकदा दाखवून उरकण्यासारखं हे काम नव्हतं. पुढे टिंकूला सवय लागली. कुठंही निघाला की आधी येऊन उभा राहायचा, "आजी, मी जाऊन राहिलो," म्हणायचा आणि तिचं "जा" किंवा "थांब" ऐकेपर्यंत पाय उचलायचा नाही.

आणि या सगळ्यात एक माणूस कोपऱ्यात बसून सारं बघत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

एका दुपारी इंद्रकुमार ट्रॅक्टर लावून आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आचल, पाणी आण वं."

आचल खाली बसून चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, गिलास तिथीच हाय. तुमचा हात त माह्यापेक्षा लंबा हाय."

नंदलाल खवळला. "बापासंगं असं बोलते का?" पण इंद्रकुमार हसला. उठला, माठाच्या पाटाजवळ उकिडवा बसला, आणि पोरांच्या त्या छोट्या गिलासानं पाच वेळा पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी तो आईजवळ आला. मंजू कामावर होती, नंदलाल झोपला होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"माय, भात कसा मांडतेत, दाखवशील का?"

धुरपताबाई उठली. एक वाटी तांदूळ घेतले, धुतले, पातेल्यात टाकले, पाणी ओतलं आणि तांदळावर बोट टेकवून दाखवलं, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पाणी. तोंडानं काही सांगितलं नाही. मग ते पातेलं बाजूला ठेवून दुसरं रिकामं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. इंद्रकुमारचं बोट तिच्या बोटाच्या दीडपट होतं. त्याचा भात पेजेसारखा झाला. संध्याकाळी सगळ्यांनी तो चमच्यानं खाल्ला, आणि टिंकूनं दोनदा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर तो भांडी घासत होता, ती शेजारी बसली होती. ती म्हणाली, "इंद्रा, तू धाकटा होता तवा तुह्या हातातलं सारं म्याच घेतलं. तुह्या भल्यासाठी करतो असं वाटे. मले कळलं नाई बापा."

इंद्रकुमार घासणी तशीच हातात धरून थांबला.

"होस्टेलातून पळून आलो न माय, मले वाटे माह्यातच काही कमी हाय. दुसरे पोट्टे कपडे धूत, चहा करत, हासत. मी बाथरूमात जाऊन बाल्टीजवळ उभा राहो. कोणाले विचारू, तेही समजे नाई. इतके वर्ष तेच मनात होतं."

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो राहिलेली भांडी घासायला लागला आणि तिनं ती घासू दिली.

यंदाच्या महाशिवरात्रीला गावातल्या दहा-बारा बाया टेम्पो करून आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाला, महादेवाच्या यात्रेला निघाल्या. दरवर्षी निघायच्या. धुरपताबाई कधीच जात नसे. घर कोण बघेल, पोरांना कोण बघेल, म्हातारा काय खाईल, ही तिची ठरलेली उत्तरं. या वर्षी सावित्रीबाईनं सहज विचारलं आणि धुरपताबाई "येतो" म्हणाली. दोघीही चकित झाल्या.

निघताना तिनं काही करून ठेवलं नाही. नंदलाल चुलीकडे बघत म्हणाला, "मंग आमचं कसं?" तिनं इंद्रकुमारकडे बोट दाखवलं आणि टेम्पोत चढली.

प्रतापगडावर तुफान गर्दी होती. चढ चढताना तिचे गुडघे बोलायला लागले. दर पन्नास पावलांवर ती थांबायची आणि कमरेच्या बटव्यातला मोबाईल काढून बघायची. फोन आला नव्हता. महादेवाचं दर्शन झालं, तरी नाही. दुपार कलली, तरी नाही. तिला बरंही वाटत होतं आणि थोडं वाईटही. शेवटी एका दगडावर बसून तिनंच फोन लावला. आचलनं उचलला.

"आजी, लवकर बोल. आमी रताळे सोलून राहिलो."

"आन टिंकू?"

"तो धुऊन राहिला. आबाजी म्हणते एक रताळं पाच वेळा धुतलं त्यानं."

"बाबा कुठी हाय?"

"बाबा आईसंगं गेला, शिंगाडे आणाले. तू कवा येशील?"

"रातभर इथंच हावो. उद्या सकारी येतो."

"बरं. सावकाश ये," आचल म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

धुरपताबाईनं मोबाईल बटव्यात ठेवला. मग एकटीच हसायला लागली. सावित्रीबाईनं विचारलं, "काय झालं वं? घरी सारं ठीक हाय न?"

"ठीक हाय. मले सावकाश ये म्हणते," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

सावित्रीबाई तिच्याजवळ दगडावर टेकली. मग हळूच म्हणाली, "माह्या नातवाचं सांगतो, पाच वर्षांचा झाला, अजून भरवाव लागते. तुह्या घरी आणून सोडू का दोन दिवस?"

"त्याले कायले आणते? त्याच्यात काई खोट नाई. तूच येत जाय," धुरपताबाई म्हणाली. "शिकाव त आपल्यालेच लागते."

यात्रेला आलेले लोक गडाखालच्या दर्ग्यावरही जातात, तिथंही जायचं होतं. दोघी उठल्या, एकमेकींच्या खांद्याला धरून त्या उतरणीला लागल्या. खाली, दर्ग्यात चढवायच्या साखरेच्या दुकानांपुढे मोठी गर्दी झाली होती.